तबकडीची परीक्षा

जुन्या सरकारी इमारतीच्या पायथ्याशी, एखाद्या पुलाच्या कठड्यापाशी किंवा चर्चच्या ओट्यावर कधीकधी एक कोरीव दगड बसवलेला दिसतो. त्यावर 'जी. टी. एस.' आणि खाली 'बी. एम.' अशी इंग्रजी आद्याक्षरे असतात. येणारेजाणारे त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. कोणी त्यावर घटकाभर टेकतो, कोणी पानाच्या चुन्याचे बोट त्याला पुसतो. भूमापकाला मात्र तो दगड प्रमाण असतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची एकदा काळजीपूर्वक मोजून नोंदलेली असते, आणि भोवतालच्या मुलखाची उंचसखलता त्याच्या आधाराने ठरवावयाची असते. मराठीत आपण त्याला तलचिन्ह म्हणतो, इंग्रजीत बेंचमार्क. हाच शब्द पुढे संगणकशास्त्राने उसना घेतला. संगणकात माहिती साठवणारी जी तबकडी असते तिची परीक्षा कशी घ्यावी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय त्या उसन्या शब्दाशी निगडित आहे.

श्रोतेहो, मी अभियंता नव्हे. एम. ए. होऊन सरकारी नोकरीत शिरलेला, आणि आता चाळिशी ओलांडलेला, असा मी एक अधिकारी. तबकडीशी माझा संबंध यावयाचा तो खरेदीच्या कागदावरील सहीपुरता. तशी एक सही मी २०२१ साली केली, आणि तिने मला या विषयाचा विद्यार्थी करून सोडले.

त्या वेळी माझी नेमणूक महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात, निवृत्तिवेतनाच्या कचेरीत होती. या कचेरीचा सुगीचा महिना म्हणजे नोव्हेंबर. निवृत्त माणसाने आपण हयात असल्याचा दाखला त्या महिन्यात द्यावयाचा असतो. न दिल्यास पुढचे वेतन थांबते. गर्दी ओळखून आम्ही सप्टेंबरातच नवे यंत्र घेतले. पुरवठादाराने सोबत परीक्षेचा कागद जोडला होता आणि त्यावर ठळक आकडा होता : वाचनाचा वेग सेकंदाला ६०० मेगाबाइट. प्रात्यक्षिकही झाले. एका निवृत्तिवेतनधारकाचा क्रमांक घातला. अडीच सेकंदांत त्याचे खाते पडद्यावर उमटले. मी सही केली.

नोव्हेंबरच्या पहिल्याच सोमवारी, दिवाळी तोंडावर आलेली असताना, आमच्या आणि तहसिलीच्या गावांतल्या मिळून बत्तीस खिडक्या एकदम उघडल्या, आणि एकेक खाते उघडण्यास चाळीस-चाळीस सेकंद लागू लागले. रांगा फाटकाबाहेर गेल्या. रांगेत काठी टेकून उभे असलेले, ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक माझे आडनाव कोणाकडून तरी ऐकून जवळ आले आणि मुखपट्टी खाली करून मराठीत म्हणाले, "साहेब, मी जिवंत आहे हे मला ठाऊक आहे, तुम्हाला समोर दिसते आहे, तुमच्या यंत्राला कळायलाच एवढा वेळ का लागावा?" मी त्यांना खुर्ची दिली. उत्तर देऊ शकलो नाही. कागदावरचा आकडा खोटा असावा असे मी तेव्हा मनाशी धरले होते. पुढे कळले की तो आकडा खरा होता, आणि तीच खरी अडचण होती.

हे समजण्यासाठी तबकडीचे अंतरंग थोडे पाहावे लागेल. १९५६ साली आयबीएम या कंपनीने 'रॅमॅक' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या साठवणघरात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसवलेल्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि सगळ्या मिळून सुमारे पन्नास लक्ष अक्षरे सांभाळीत. हवी ती नोंद सापडण्यास सरासरी सहा दशांश सेकंद लागे. आजची तबकडी हातावर मावते आणि वीस टेराबाइट, म्हणजे रॅमॅकच्या चाळीस लक्ष पट मजकूर, पोटात ठेवते. पण फिरते किती? सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे. साठवण चाळीस लक्ष पट वाढली आणि गरगरणे मात्र सहापट! या विसंगतीत आमच्या रांगेचे मूळ होते.

ग्रामोफोनची तबकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. सुईच्या जागी येथे एक चुंबकीय शीर्ष असते. ते पृष्ठभागाला न टेकता त्याच्यावरून तरंगते. मागितलेली नोंद दुसऱ्या वर्तुळावर असेल तर प्रथम शीर्षाने तेथवर सरकावयाचे; त्यास सरासरी आठ-साडेआठ सहस्रांश सेकंद लागतात. मग नोंद फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावयाचे. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, तेव्हा सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४.२. दोन्ही मिळून साधारण १२.७ सहस्रांश. म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशी खेपा. उलट एकदा शीर्ष जागेवर बसले आणि नोंदी ओळीने वाचावयाच्या असल्या, की तीच तबकडी सेकंदाला दोनशे मेगाबाइट सहज ओतते.

आमच्या जुन्या अभिलेखागारातील दफ्तरबंदाला हे सांगण्याची गरज पडली नसती. १९७२ सालचा अख्खा बस्ता आणावयास सांगा, तो एका खेपेत आणील. त्याच वजनाचे कागद, पण प्रत्येक कागद निराळ्या बस्त्यातला सांगा. तो संध्याकाळपर्यंत शिडी चढत-उतरत राहील. त्याची ताकद बदललेली नसते, आपण घातलेल्या कामाची जात बदललेली असते. पुरवठादाराने अख्खा बस्ता मागवून वेग मोजला होता. आमच्या खिडक्या कपटे मागत होत्या.

ही गोष्ट आमच्या खात्यातील एका तरुण अभियंत्याने उघडकीस आणली. त्याची रीत मला मोलाची वाटते, कारण परीक्षेचे हत्यार हाती घेण्यापूर्वी त्याने पूर्ण एक दिवस केवळ पाहण्यात घालवला. लिनक्स प्रणालीवर 'आयोस्टॅट' नावाचे एक साधे साधन असते. दर सेकंदाला ते एक ओळ छापते : किती वाचने झाली, किती लेखने झाली, प्रत्येक मागणी सरासरी किती मोठी होती, ती किती वेळ ताटकळली, आणि तबकडीच्या दाराशी रांग किती होती. त्या नोंदी कचेरीच्या वेळेत, खिडक्या चालू असतानाच घेतल्या. त्यांवरून कामाची जात कळली : मागण्या आठ किलोबाइटच्या, म्हणजे देवनागरीत जेमतेम पानभर मजकुराच्या (आपल्या एकेका अक्षरचिन्हास तीन बाइट लागतात, ही आपल्या लिपीची संगणकातील खर्चिक बाजू); शंभरांतील सत्तर वाचने, तीस लेखने; सगळ्या विखुरलेल्या; आणि दाराशी बत्तिसाच्या आसपास रांग.

आता गणित ऐका. यंत्रात चार तबकड्या होत्या, म्हणजे सेकंदाला तीनशे वीस खेपांची शक्ती. परंतु एखादी तबकडी निकामी झाली तरी माहिती बुडू नये म्हणून या रचनेत मजकुराबरोबर त्याचा ताळाही लिहून ठेवलेला असतो. लहानसा बदल करावयाचा तरी जुना मजकूर वाचा, जुना ताळा वाचा, नवा मजकूर लिहा, नवा ताळा लिहा, अशा चार खेपा होतात. शंभर मागण्यांत सत्तर वाचनांच्या सत्तर आणि तीस लेखनांच्या एकशे वीस, मिळून एकशे नव्वद. तीनशे वीस खेपांत या हिशेबाने सेकंदाला केवळ १६८ मागण्या पुऱ्या होतात. आठ किलोबाइटने गुणा : दीड मेगाबाइटसुद्धा भरत नाही. कागदावर मात्र सहाशे!

राहिला चाळीस सेकंदांचा उलगडा. जॉन लिटल या अमेरिकी विद्वानाने १९६१ साली रांगेचा एक नियम सिद्ध करून दाखवला. रांगेत सरासरी किती आहेत, त्याला दर सेकंदाला किती सुटतात याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एकेकाची सरासरी प्रतीक्षा. बत्तीस भागिले एकशे अडुसष्ट, म्हणजे ०.१९ सेकंद. एक खाते उघडण्यास दोनशेच्या आसपास वाचने लागत, आणि प्रत्येक वाचन मागच्याचे उत्तर आल्यावरच सुरू होई. दोनशे वेळा ०.१९ म्हणजे अडतीस सेकंद. प्रात्यक्षिकाच्या दिवशी खिडकी एकच होती. तेव्हा दोनशे वेळा १२.७ सहस्रांश, म्हणजे अडीच सेकंद. दोन्ही अनुभव एकाच तबकडीचे, आणि दोन्ही तिच्या स्वभावाला धरून होते.

यानंतर त्याने परीक्षेचे हत्यार काढले. या हत्यारांचा इतिहास लहान असला तरी रंजक आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या संगणकीकरणावर काम केलेल्या टिम ब्रे यांनी 'बॉनी' नावाचा परीक्षक लिहिला. काम जेथे अडते त्या चिंचोळ्या जागेस इंग्रजीत 'बाटलीचा गळा' म्हणतात, आणि बॉनी रेट ही गायिका गिटारच्या तारांवर बाटलीचा गळा सरकवून वाजवण्यात निष्णात. तेव्हा नाव तिचे दिले. १९९८ साली इंटेल कंपनीने 'आयोमीटर' पुढे आणला. आज सर्वांत अधिक चालतो तो 'फायो'. त्याचे कर्ते येन्स आक्सबो हे लिनक्सचा तबकड्यांशी बोलणारा भाग सांभाळतात. विशिष्ट कामाची चाचणी घ्यावयाची म्हटली की दरवेळी त्यांना नवा छोटा कार्यक्रम लिहावा लागे. त्या कटकटीतून सुटण्यासाठी त्यांनी असा एकच कार्यक्रम रचला, की कामाचे वर्णन चार ओळींत लिहून द्यावे आणि त्याने तसा भार निर्माण करावा. वाचन किती, लेखन किती, तुकडा केवढा, ओळीने की विखुरलेला, रांग किती लांब, वेळ किती : नाटकमंडळीला संहिता द्यावी तसे हे वर्णन द्यावयाचे.

आमच्या अभियंत्याने दिवसा टिपलेल्या नोंदींवरून अशी संहिता लिहिली, आणि रात्री कचेरी बंद झाल्यावर त्याच यंत्रावर ती चालवली. शेजारच्या पडद्यावर आयोस्टॅट चालूच होते. पडद्यावर एकशे साठ-सत्तरच्या आसपास आकडे येऊ लागले तेव्हा रात्रीच्या त्या रिकाम्या दालनात दिवसाची गर्दी पुन्हा उभी राहिल्यासारखे मला वाटले. नक्कल असलाशी जुळली की नाही, हे याच पडताळ्यावरून कळते. नुसती परीक्षा घेऊन निरीक्षण न करणारा, बंद खोलीतल्या गाण्यास टाळ्यांच्या आवाजावरून गुण देतो.

आरंभी त्याने मला एक प्रश्न विचारला होता, तो येथे सांगितला पाहिजे. "ज्या जागेवर लिहायचं ती रिकामी आहे, असं लेखी द्याल का?" मला ते उद्धटपणाचे वाटले. पण लेखनाची परीक्षा फाइलीऐवजी थेट तबकडीवर घेतली तर हा कार्यक्रम तेथे आधी काय होते याची विचारपूस करीत नाही. खाती असोत की छायाचित्रे, त्यांवरून नांगर फिरतो. मी लेखी दिले, आणि परीक्षा वेगळ्या फाइलीवर झाली.

आकडे फसवतात कसे, हेही त्या आठवड्यात कळले. संगणक नुकतेच वाचलेले आपल्या स्मृतीत धरून ठेवतो. परीक्षेची फाइल लहान असेल तर ती सगळी स्मृतीतूनच येते; तबकडी स्वस्थ बसलेली असते आणि आकडा मात्र अद्भुत येतो. म्हणून एक तर फाइल स्मृतीहून पुष्कळ मोठी घ्यावी, नाही तर स्मृतीला वळसा घालून थेट तबकडीकडे जाण्याची आज्ञा द्यावी. लेखनात ही फसवणूक अधिक घातक. शिपायाने "ठेवला साहेब" म्हणावे आणि कागद व्हरांड्यातल्या टेबलावर असावा, तसे 'लिहिले' असे उत्तर पुष्कळदा मजकूर स्मृतीत असतानाच मिळते. वीज गेली की तो कागद उडाला. ज्या कामात नोंद बुडून चालत नाही, त्याच्या परीक्षेत प्रत्येक लेखन पक्क्या जागी पोचल्याची खातरजमा मागितली पाहिजे, मग आकडा कितीही लहान येवो. शून्येच शून्ये लिहून घेतलेली परीक्षाही संशयास्पद. काही साधने मजकूर दाबून बसवतात, आणि शून्याइतके दाबले जाणारे दुसरे काही नाही.

आणखी एक खोच आहे, जी मोठमोठ्या जाणत्यांच्याही नजरेतून सुटते. परीक्षक कार्यक्रम सामान्यतः एका मागणीचे उत्तर आल्यावर दुसरी सोडतो. समजा तबकडी मध्येच एक सेकंद अडली. कार्यक्रमही एक सेकंद थांबतो, आणि नोंद होते ती एका उशिराची. प्रत्यक्ष जगात मात्र यंत्र अडले म्हणून फाटकातून माणसे यावयाची थांबत नाहीत. त्या सेकंदात आलेला प्रत्येक जण ताटकळतो. उत्तराची वाट न पाहता ठरावीक गतीने मागण्या सोडण्याची सोय फायोत आहे. तिचा उपयोग करावा. सरासरीवरही फार विसंबू नये. शंभरांपैकी नव्याण्णव मागण्या किती वेळात सुटल्या, आणि उरलेल्या एकीस किती लागला, हे पाहावे. एका खात्यास दोनशे वाचने लागत असतील तर शंभरातील ती एक दुर्दैवी मागणी प्रत्येक खात्याच्या वाट्यास सरासरी दोनदा येणार.

पुढे आम्ही फिरत्या तबकड्या काढून फ्लॅश स्मृतीची साधने घेण्याचे ठरवले. त्यांत काहीच फिरत नाही; विखुरलेले वाचन सुमारे एक दशांश सहस्रांश सेकंदात होते. येथे सुटलो असे मला वाटले, पण अभियंत्याने नमुन्यादाखल आलेल्या एका साधनावर सहा तास लेखन चालवले. पहिली काही मिनिटे ते सुसाट धावले, मग एकाएकी वेग दशांशावर आला. फ्लॅशचा स्वभाव पाटीसारखा : लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावे लागते, आणि पुसणे एका ओळीचे होत नाही, मोठ्या चौकोनाचे होते. कोरी पाटी असेतोवर लेखन झपाट्याने चालते; ती भरली की जुने आवरून जागा करीत करीत लिहावे लागते. शिवाय पुष्कळ साधनांत तेवढ्यापुरता एक चपळ कप्पा राखलेला असतो, तो भरला की खरी चाल दिसते. म्हणूनच स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशन या संस्थेच्या परीक्षापद्धतीत साधन प्रथम स्वच्छ पुसावयाचे, मग त्याच्या धारणशक्तीच्या दुप्पट लेखन करून ते रुळवावयाचे, आणि नंतर सलग पाच फेऱ्यांतील फरक सरासरीच्या २० टक्क्यांत व एकंदर कल १० टक्क्यांत येईतो मोजणी ग्राह्य धरावयाची नाही, असा दंडक आहे.

आयोस्टॅटचा एक रकाना येथे निरुपयोगी होतो, तोही सांगून ठेवतो. 'साधन शेकडा किती वेळ कामात होते' असे तो दाखवतो. एकच खिडकी असेल तर शंभर टक्के म्हणजे खिडकी तुंबली. फ्लॅशला मात्र आत अनेक खिडक्या असतात. त्यांतली एक जरी सतत चालू राहिली तरी रकाना शंभर म्हणतो. तेव्हा ताटकळण्याचा काळ पाहावा, रकान्यास भिऊ नये.

नव्या निविदेत आम्ही वेगाचा आकडा मागितलाच नाही. आमची संहिता जोडली, सहा तासांची मुदत घातली, आणि शंभरांतील नव्याण्णव मागण्या किती वेळात सुटल्या पाहिजेत ते लिहिले. एका पुरवठादाराने सहा तासांऐवजी पाच मिनिटे करावी अशी विनंती पाठवली. कचेरीची वेळ सहा तासांहून अधिक असल्याचे आम्ही त्यास कळवले.

२०२२ च्या नोव्हेंबरात ते वृद्ध शिक्षक रांगेत दिसतील म्हणून मी दोनदा बाहेर जाऊन आलो. ते आले नाहीत. मनात नको तो विचार येऊन खाते उघडून पाहिले, तर दाखला चार दिवसांपूर्वीच जमा होता. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची जी सोय २०२१ च्या अखेरीस सुरू झाली, तिने त्यांनी तो घरूनच पाठवला होता. ती नोंद आमच्या तबकडीवर उतरण्यास किती वेळ लागला, हे मी अभियंत्याकडून मुद्दाम काढवून घेतले. दोन सहस्रांश सेकंद.